सलग पाठीचं कार्ड

मंदाताईंच्या पर्समध्ये ब्लाउजची मापं घ्यायची टेप होती. मोहितने सांगितलं म्हणून त्यांनी ती घेतली होती. कॉम्प्युटरचं कार्ड आणायला जाताना शिवणाची टेप कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. हल्ली त्या फारसं काही विचारतच नसत. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की ते कुणाला तरी नेऊन पोचवावं लागतं, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

दाना ओलीच्या गल्लीतून निघालेला सवाऱ्यांचा टेम्पो दर दहा पावलांवर थांबत होता. मोहित समोरच्या बाकावर गुडघे आखडून बसला होता. तिशी उलटलेला, दाढीत एखाददुसरा पांढरा केस आलेला मुलगा. सकाळपासून तो गप्प होता, आणि मोहित गप्प असला की मंदाताईंना धास्ती वाटे. बोलणारा माणूस काय बोलेल याचा अंदाज तरी असतो.

घरातली गोष्ट अशी होती की बाप आणि लेक एकमेकांशी बोलत नसत. दिनकरराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील फौजेत, आजोबा फौजेत, आणि त्याआधीचे सगळे शिंद्यांच्या लष्कराबरोबर दक्षिणेतून इकडे उत्तरेत आलेले. मोहित दोन वेळा फौजेच्या निवडीला गेला आणि दोन्ही वेळा परत आला. मग त्याने नोएडाच्या एका कंपनीचं काम घरबसल्या धरलं. बाजारात यायच्या आधी कॉम्प्युटरवरचे खेळ खेळून बघायचे, कुठे अडकतात, कुठे बिघडतात ते कळवायचं. या कामाचा पगार मिळतो, हे दिनकररावांच्या पचनी पडलं नाही. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता तरी येतं. त्यांनी फक्त मोहितशी थेट बोलणं सोडलं, आणि काही दिवसांनी मोहितनेही सोडलं.

तेव्हापासून सगळा कारभार मंदाताईंमार्फत चालू होता. "सांग त्याला, पंखा चालू ठेवून झोपू नको म्हणावं." "सांग त्यांना, बँकेचं काम करून दिलंय मी." दोघं एकाच ताटलीतले शेंगदाणे खात असत आणि तिसऱ्या खोलीत कणीक मळणाऱ्या मंदाताईंना हाक मारत. अडकित्त्यातली सुपारी निदान एकदाच फुटते. मंदाताई रोज फुटत होत्या आणि पुन्हा सांधून घेऊन चहा टाकत होत्या.

आणि अशात यंदाची खंडेनवमी आली.

त्यांच्या घरात खंडेनवमीला पणजोबांची तलवार खाली उतरवतात. तिला तेल लावायचं, पुसायचं, पाटावर ठेवायचं. शेजारी दिनकररावांची फौजेतली काठी, मंदाताईंची कात्री आणि शिवणयंत्र, बाहेर स्कूटर. ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. मोहितचा कॉम्प्युटर कधीच त्यात नसे. दिनकरराव त्याला 'खेळणं' म्हणत, आणि खेळण्याची कोण पूजा करतं. पण यंदा कात्री पुसणाऱ्या मंदाताईंना ते म्हणाले, "सांग त्याला, ते यंत्र पण पुसून ठेव म्हणावं." मंदाताईंच्या हातातून फडकं पडायचं राहिलं. का म्हणाले, ते त्यांनी विचारलं नाही. वय झालंय, दुसरं काय असणार, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

मोहित आपट्याची पानं आणायला गेला असताना दिनकररावांनी पूजा केली, आणि केली ती अगदी यथासांग. फूल पाण्यात बुडवून तलवारीवर शिंपडलं तसंच यंत्रावर शिंपडलं. ओलं गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि वर झेंडूचा हार ठेवला. फुलं मंदाताईंनीच धुऊन दिली होती, निथळत होती. यंत्राच्या माथ्यावर वारा जायची जाळी असते, हे दोघांनाही माहीत असण्याचं कारण नव्हतं. मोहित परत आला, हार पाहिला, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग वाकून बापाच्या पाया पडला. दिनकररावांचा हात त्याच्या पाठीवर जरा जास्त वेळ राहिला. मंदाताईंनी ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं.

पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत हलवायचं नाही, अशी घरची रीत, आणि बापाने वाहिलेला हार उचलायचं मोहितच्याही मनात आलं नाही. त्यामुळे तो ओला हार रात्रभर जाळीवर पडून राहिला आणि थेंब थेंब आत गळत राहिला. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मोहितने कौतुकाने बटण दाबलं. टक्‌ असा आवाज झाला, जळका वास आला आणि पडदा काळाच राहिला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशातली गत. मोहितने बाजूची काच उघडून एक जाडजूड पट्टी बाहेर काढली आणि स्वयंपाकघरात येऊन ती मंदाताईंपुढे धरली. तिच्या पाठीवर गंधाचा पिवळा ओघळ वाळला होता. "हे ग्राफिक्स कार्ड, आई. यावरच सगळं चित्र चालतं. गेलं."

"त्यांना सांगू नकोस," मंदाताई लगेच म्हणाल्या. का, ते मोहितला कळलं असावं. इतक्या वर्षांनी ज्या हाताने कुंकू लावलं, त्या हाताला जर कळलं की आपण जाळून ठेवलं, तर तो हात पुन्हा त्या खोलीच्या दारापर्यंतसुद्धा जाणार नाही. दिनकररावांना त्या ओळखून होत्या. आपलं चुकलं असं वाटलं की हा माणूस माफी मागत नाही, बाजूला होतो. कायमचा होतो.

मोहितने "बरं" म्हटलं होतं. पण तो मुलगाही त्याच बापाचा. मनात साठवायचं आणि एखाद्या दिवशी भलत्याच विषयात भळकन ओतायचं, ही त्याची खोड. दसऱ्यापासून मंदाताई त्याच्या तोंडाकडे बघत जेवत होत्या. भरीस भर म्हणून दिनकरराव रोज विचारायचे, "याचं यंत्र का मुकं झालंय? पूजा केली आणि काम बंद?" मंदाताई म्हणायच्या, "सुट्टी आहे त्याला." काल त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "नोकरी गेली का गं? मला सांग, मी काही बोलणार नाही." तेव्हा मात्र मंदाताईंना वाटलं की आता आपल्याच्याने होत नाही. एक खोटं सांभाळायला रोज दुसरं शिजवायचं, आणि तेही या गुडघ्यांवर उभं राहून.

फूलबागेच्या थांब्याशी दोघं उतरले. दुकान पलीकडच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. जिना चढताना मंदाताईंनी दोनदा कठडा धरला.

दुकानदार भदौरियाजी मूळचे भिंडकडचे, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. "आइए माताजी, बैठिए," म्हणत त्यांनी प्लॅस्टिकचं स्टूल पुढे सरकवलं आणि मोहितकडे वळले. "बोलो भाई, क्या खेलना है?"

"काम भी करना है, खेलना भी है," मोहित म्हणाला.

भदौरियाजींनी पहिलंच खोकं उघडलं ते ताबुताएवढं. आत तीन पंख्यांचं कार्ड, कडेने रंगीबेरंगी दिवे. "सोलह जीबी. आँख मूँद के ले जाओ. चार-पाँच साल कोई गेम अटकेगा नहीं."

मोहितने हात पुढे केला. "आई, टेप."

तेव्हा कुठे मंदाताईंना टेपचं प्रयोजन कळलं. मोहितने कार्ड मापलं, मोबाईलवर लिहून आणलेलं कॅबिनेटच्या, म्हणजे यंत्राच्या पेटीच्या, पोटाचं माप पाहिलं आणि मान हलवली. "नाही बसणार. पुढच्या पंख्याला अडेल."

"कॅबिनेट बदल लो फिर," भदौरियाजी म्हणाले.

"कॅबिनेट तेच राहील," मोहित मराठीतच म्हणाला, आणि मग हिंदीत, "नहीं भैया, कॅबिनेट वही रहेगा." त्याच्या आवाजात एकदम असा ठामपणा आला की मंदाताईंनी मान वर केली. त्या कॅबिनेटच्या माथ्यावर कुंकवाचं बोट अजून तसंच होतं, पुसलेलं नव्हतं, हे त्यांना आठवलं. पण त्यांनी तो विचार तिथेच सोडला.

मग दोन पंख्यांची कार्डं निघाली. एकामागून एक खोकी काउंटरवर येऊ लागली. भदौरियाजी प्रत्येकाचे गुण सांगायचे. कुणाला वीज कमी लागते, कुणाचा पंखा आवाज करत नाही, कुणाची मेमरी जास्त. मोहित ऐकायचा, एक-दोन प्रश्न विचारायचा आणि मग कार्ड हातात घेऊन उलटं करायचा. पाठीवर बोट फिरवायचा आणि परत ठेवायचा. दुसरं घ्यायचा, उलटं करायचा.

मंदाताई स्टुलावर बसून हे बघत होत्या. साडी घेताना उलटी करून मागची वीण बघायची ही त्यांचीच सवय. लहानपणी त्यांच्याबरोबर दाल बाजारात आणि पुढे कापडवाल्यांकडे भटकताना पोराने तेवढं बरं उचललं, असं त्यांना वाटलं. पण साडी नेसणाऱ्याला मागची बाजू टोचते. या पट्टीची मागची बाजू कुणाला टोचणार होती? त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. दुकानातल्या एसीने खांदा धरला होता. कुठलंही घे बाबा एकदाचं, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं.

शेवटी काउंटरवर दोनच उरली. भदौरियाजींनी पहिल्यावर थाप मारली. "ये तेज है. दोनों में जमीन-आसमान का फर्क नहीं, पर फर्क है. तुम खेलने वाले हो, तुमको पता चलेगा."

मोहितने ते उलटं केलं. त्याच्या पाठीवर धातूची पाटी होती, पण अर्ध्याहून जास्त भागाला खिडक्यांसारखी भोकं पाडलेली. "वारा आरपार जायला," त्याने आईला सांगितलं. दुसऱ्या कार्डाची पाठ सलग होती. काळी, गुळगुळीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंद.

"ये दे दीजिए," मोहित म्हणाला. "बंद पीठवाला."

"अरे भाई!" भदौरियाजींना ते मनापासून लागलं. "ये धीमा है उससे. ऊपर से गरम भी ज्यादा होगा. पीठ देख के कौन कार्ड लेता है? लगने के बाद पीठ कौन देखता है?"

"लगने के बाद पीठ ही तो ऊपर रहती है," मोहित म्हणाला. "कार्ड आडवं बसतं ना," त्याने आईला सांगितलं.

भदौरियाजींनी मंदाताईंकडे पाहिलं, जणू आता त्यांनीच मुलाला समजवावं. मंदाताईंनी मान दुसरीकडे फिरवली. आयुष्यभर एकाचं दुसऱ्याला समजावलं, आता या तिसऱ्याचं नको.

खाली उतरून त्यांनी कोपऱ्यावर मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि कार्डाचं खोकं पिशवीच्या तळाशी घालून वर मेथी पसरली. मोहित बघत राहिला.

"आई, हे किती दिवस चालवायचं?"

"काय?"

"हेच. मेथीखाली कार्ड."

मंदाताई पिशवीचे बंद जुळवत राहिल्या.

"थकत नाहीस तू?"

"थकते," त्या म्हणाल्या. "फार थकते रे." इतकं साधं उत्तर त्यांनी स्वतःलाही कधी दिलं नव्हतं. पण लगेच त्यांनी त्याचा दंड धरला. "तरी तू काही बोलू नकोस. एवढं वर्ष जाऊ दे. पुढच्या दसऱ्याला बघू."

मोहितने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. टेम्पोत मंदाताई पिशवी मांडीवर घेऊन वरची मेथी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिल्या.

दिनकरराव ओसरीवरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पिशवीकडे पाहिलं.

"काय आणलं?"

"मेथी," मंदाताई म्हणाल्या.

"मेथीला कोपरे कधीपासून फुटले?"

खोक्याचा एक कोपरा पिशवीला आतून ढोसून वर आला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मंदाताईंच्या मनात तर भर दुपार होती. तेवढ्यात मोहितने त्यांच्या हातातून पिशवी घेतली, मेथी बाजूला ठेवली आणि खोकं काढून सरळ आपल्या खोलीत गेला. आतून खोक्यावरची चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. मग आवाज आला त्याचा.

"बाबा, जरा आत येता?"

पेपर खाली आला. दिनकररावांनी दाराकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं. "विचार त्याला, कशाला बोलावतोय."

मंदाताईंनी तोंड उघडलं. शब्द तयार होते, इतक्या वर्षांचे घासून घासून गुळगुळीत झालेले. कशाला रे बोलावतोस त्यांना? एवढंच तर म्हणायचं होतं. पण जिना, स्टूल, एसी, टेम्पो, मेथी आणि त्याआधीची सगळी वर्षं एकदम गुडघ्यांत उतरली. त्या समोरच्या पायरीवर मटकन बसल्या.

"मी नाही विचारत," त्या म्हणाल्या. "तुम्हीच जा. माझ्याच्याने आता उठवत नाही."

दिनकरराव त्यांच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मंदाताईंना चाललं असतं. त्यांनी पेपरची घडी घातली, दुसरी घातली, आणि चपला ओसरीवरच काढून आत गेले. पायरीवरून मंदाताईंना खोलीतलं टेबल अर्धं दिसत होतं, आणि पालथं ठेवलेलं ते काळं कार्ड.

"हे काय?" दिनकररावांनी विचारलं. विचारलं ते कार्डाकडे बघून, पण विचारलं त्याला.

"नवीन आहे. मशीनमध्ये लावायच्या आधी कुंकू लावायचंय. आईकडून नाही, तुमच्याकडून." मोहितने कार्डावर बोट ठेवलं. "इथे, पाठीवर लावा. पाठ वरच राहते आत. ही पाटी बंद आहे, खाली काही जात नाही. बस, कोरडं लावा. पाणी नको. फुलं पण नकोत."

मंदाताईंनी पदराचा शेव मुठीत धरला. बोलू नको म्हटलं होतं या मुलाला.

"मागच्याला पाणी लागलं होतं," दिनकरराव म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"म्हणजे मी जाळलं."

"हो, बाबा."

पायरीवर मंदाताईंनी डोळे मिटले. आता पावलं वाजतील. दारातून बाहेर येतील, चपला घालतील, फाटकातून जातील, आणि पुन्हा त्या खोलीकडे बघणार नाहीत. पावलं वाजली नाहीत.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं," मोहित म्हणाला, "तर तुम्ही पुन्हा कधी लावलं नसतं."

मग देवघराचं दार वाजलं. कुंकवाचा करंडा उघडल्याचा तो ओळखीचा आवाज आला. मंदाताईंनी डोळे उघडले. दिनकरराव टेबलापाशी परत आले होते. करंडा डाव्या हातात होता. उजव्या हाताचं बोट त्यांनी सदऱ्याला पुसलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा पुसलं.

त्यांनी ते बोट कुंकवात घालायच्या आधी लेकापुढे धरलं.

"बघ," ते म्हणाले, "कोरडं आहे ना?"

मोहितने ते बोट धरलं आणि आपल्या शर्टाच्या टोकाने नखाच्या कडेपर्यंत हळूहळू पुसलं. पुसून झालं तरी त्याने ते सोडलं नाही. दिनकररावांनीही काढून घेतलं नाही.

मंदाताई बाहेर पायरीवर बसून मेथी निवडायला लागल्या. त्यांना कुणी काही सांगायला सांगितलं नव्हतं.